कावीळ न झालेल्यांचा आजार

डोळे पिवळे दिसले की जासई, उरण, पनवेलकडेच काय, साऱ्या कोकणात आजही कुणीतरी काविळीच्या माळेचा पत्ता सांगतं. मुळ्यांचे किंवा काड्यांचे तुकडे ओवलेली ही माळ लांबत लांबत खाली आली की कावीळ उतरली असं मानतात. तुकडे वाळून आकसतात, गाठी सैल होतात, म्हणून माळ लांबते. त्याच दिवसांत रोगीही बहुधा बरा होतो. त्याला बरं केलेलं असतं त्याच्याच रक्तातल्या, विषाणूंशी लढणाऱ्या टी पेशींनी, आणि श्रेय जातं माळेला. खरा घोटाळा पुढे आहे. कावीळ आणणाऱ्या विषाणूंपैकी एक म्हणजे हिपॅटायटिस बी. त्याचा वर्षानुवर्षं टिकून शेवटी जीव घेणारा प्रकार ज्यांना होतो, त्यांतल्या बहुतेकांचे डोळे सुरुवातीला पिवळे होतच नाहीत.

हा विषाणू यकृताच्या पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढतो, पण ती पेशी सहसा मारत नाही. मारतात त्या आपल्या टी पेशी. बाधित पेशीच्या पृष्ठभागावर विषाणूचा तुकडा दिसला की त्या तिच्यावर तुटून पडतात. यकृतातली द्रव्यं रक्तात सांडतात, एसजीपीटी हे यकृतातलं विकर वाढतं, डोळे पिवळे करणारं बिलिरुबिन चढतं. मोठ्या माणसाला झालेली कावीळ ही या लढाईची खूण असते. आणि लढाई फक्त मारझोडीची नसते. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत फ्रान्सिस किसारी आणि लुका ग्विदोत्ती यांनी १९९६ साली उंदरांवर दाखवून दिलं की टी पेशी इंटरफेरॉन गॅमासारखी रसायनं सोडून यकृताची पेशी जिवंत ठेवूनही आतला विषाणू हटवू शकतात. निरोगी प्रौढांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक जण अशा रीतीने सहा महिन्यांच्या आत विषाणूमुक्त होतात.

नवजात बाळाचं गणित बरोबर उलटं. जन्माच्या वेळी आईकडून लागण झाली तर शंभरातल्या सुमारे नव्वद बाळांत विषाणू कायमचा राहतो. बाळ दूध पितं, रांगतं, शाळेत जातं. तक्रार काहीच नाही. तिशी-चाळिशीत पोटात पाणी होतं किंवा यकृतात गाठ सापडते, तेव्हा घरच्यांना पहिल्यांदा कळतं.

त्या बाळाच्या टी पेशी गप्प का बसतात? एक कारण यकृताच्या स्वभावात आहे. आतड्यातून येणारं सगळं रक्त आधी इथे येतं. त्यातल्या अन्नाच्या आणि जिवाणूंच्या प्रत्येक कणावर यकृत चवताळलं असतं तर ते टिकलंच नसतं. सहन करणं हा त्याचा धर्म. दुसरं कारण विषाणूच्या चालीत आहे. तो प्रत्येक खऱ्या कणामागे हजारो रिकामी आवरणं रक्तात सोडतो. वर्षानुवर्षं तोच शत्रू दिसत राहिला की टी पेशी थकतात. त्यांच्या अंगावर पीडी-१ नावाचं प्रथिन वाढतं, ते त्यांना आवरून धरतं. हे प्रथिन जपानच्या तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली सापडलं. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात शिकलेले रफी अहमद यांच्या अमेरिकेतल्या गटाने २००६ साली उंदरांवर दाखवलं की पीडी-१चा मार्ग अडवला तर थकलेल्या पेशी पुन्हा कामाला लागतात. थकलेली पेशी मेलेली नसते. मला या विषयातली सगळ्यात मोठी आशा इथे दिसते.

मग थकलेल्या पेशींच्या रोग्याचं यकृत बिघडतं कशानं? माला मैनी आणि अँटोनियो बर्टोलेटी या संशोधकांनी २००० साली या प्रश्नाचं चकित करणारं उत्तर दिलं. यकृत बिघडलेल्या आणि न बिघडलेल्या, दोन्ही प्रकारच्या रोग्यांच्या यकृतात विषाणू ओळखणाऱ्या टी पेशींची संख्या जवळपास सारखीच होती. बिघडलेल्या यकृतात गर्दी होती ती या विषाणूशी संबंध नसलेल्या पेशींची. नेमका वार करणारे दमलेले, आणि नासधूस चालू.

टी पेशींनाच औषध म्हणून वापरण्याचं काम आपल्याकडेही झालं आहे. जासईहून फार लांब नसलेल्या खारघरला टाटा स्मारकाचं कर्करोग संशोधन केंद्र, अ‍ॅक्ट्रेक आहे. रक्ताच्या कर्करोगासाठी रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांच्यात जनुकीय बदल करून परत देण्याची आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांची उपचारपद्धती ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते देशाला अर्पण झाली. विषाणू ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर) बसवलेल्या टी पेशी हिपॅटायटिस बीमुळे झालेल्या यकृताच्या कर्करोगावर वापरून पाहण्याचे प्रयोग बर्टोलेटी यांच्यासारखे संशोधक करत आहेत. प्रतिकारशक्तीच्या पेशींचं महत्त्व कर्करोगाच्या वॉर्डात उलट बाजूनेही कळतं. केमोथेरपीने किंवा रिटुक्सिमॅबसारख्या औषधाने प्रतिकारशक्ती दबली की वर्षानुवर्षं दबून असलेला विषाणू उसळू शकतो, म्हणून असे उपचार सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी करतात.

सध्याचा उपचार म्हणजे टेनोफोव्हिरची रोजची गोळी; ती विषाणूची वाढ रोखते. पेशीच्या केंद्रकात दडलेलं त्याचं गोलाकार डीएनए मात्र तिथेच राहतं. २८ जुलै २०१८ला सुरू झालेल्या हिपॅटायटिस नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांच्या अंगात हा विषाणू होता, आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता.

जासईतल्या बाईचं बाळंतपण उरणला होवो, पनवेलला होवो की माहेरी, बाळाला लसीचा पहिला डोस २४ तासांच्या आत मिळायला हवा. आईची तपासणी पॉझिटिव्ह असेल तर त्याच वेळी इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शनही. आणि घरात एकाचा एचबीएसएजी (विषाणूच्या आवरणातलं प्रथिन शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आला तर आई, भावंडं, जोडीदार, मुलं, सगळ्यांचं रक्त तपासून घ्यावं. त्या माणसाचं ताट मात्र वेगळं करू नये. हा विषाणू जेवणातून पसरत नाही.