रब्बीचे पाहुणे : राखण कोणापासून, राखण कोणाची?



दिवाळी सरते, ज्वारी गुडघ्याला लागते, हरभरा उगवून वर येतो आणि त्याच सुमारास आपल्या शिवारात नवी पाखरं दिसू लागतात. सोलापूर, नगर, पुण्याचा पूर्व भाग आणि मराठवाडा या पट्ट्यात कार्तिक-मार्गशीर्षात दूरदेशीचे कितीतरी पक्षी उतरतात. त्यांच्या मुलखात बर्फ पडतं, खायला काही उरत नाही, म्हणून ते हजारो किलोमीटर उडून आपल्याकडे येतात. फाल्गुन-चैत्रात पुन्हा माघारी जातात.

पाखरू दिसलं की ते पिकावरच आलं, असं आपण धरून चालतो. पण यातले काही चोर आहेत, काही राखणदार आहेत, तर काही थोडे दिवस चोर आणि बाकीचे दिवस राखणदार! म्हणून औषधाच्या डब्याला हात घालण्याआधी पाखरू ओळखावे.

भोरडी (पळसमैना)

अंग गुलाबी, डोके, पंख व शेपटी काळी. हिचे थवे ढगासारखे वळतात. ही मध्य आशिया आणि पूर्व युरोपातून येते. पावसाळा संपायच्या आधीच पहिले थवे दिसतात. ज्वारी हुरड्यात आली की नुकसान करते, हे खरेच. परंतु दाणा दुधात भरल्यापासून टणक होईपर्यंतच खरी भीती असते, म्हणजे साधारण तीन आठवडे. एरवी हीच भोरडी नाकतोडे आणि टोळ वेचून खाते. चीनच्या शिनज्यांग प्रांतात तर टोळांच्या बंदोबस्तासाठी तिला घरटी करता यावीत म्हणून मुद्दाम दगडांचे ढीग रचून देतात.

तेव्हा त्या तीन आठवड्यांत कसून राखण करा. सकाळी उजाडल्यापासून दोन-तीन तास आणि दिवस मावळण्याआधीचे दोन तास महत्त्वाचे. माळा, गोफण, डबा आणि चमकणारी फीत हे उपाय आलटून पालटून वापरा. एकाच उपायाला पाखरं लवकर सरावतात. फीत पिळा देऊन, कणसांच्या थोडी वर, ताणून बांधा. शिवारातल्या सर्वांनी पेरणी एकाच आठवड्यात उरकली तर नुकसान वाटले जाते. एकट्याची ज्वारी आगाप किंवा मागास असली की सगळा थवा तिच्यावरच पडतो.

भोवत्या

घारीपेक्षा सडपातळ. पंख किंचित वर उचलून, पिकाच्या अगदी लगत, तरंगत फिरतो. नर राखाडी, मादी तपकिरी. मादीच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. कझाकस्तान आणि रशियाच्या गवताळ मुलखातून हा येतो. बरेचजण याला कोंबड्यांचा चोर समजून दगड मारतात. वास्तविक याचं खाणं म्हणजे नाकतोडे, उंदीर, सरडे, लहान पाखरं. रात्री हा झाडावर बसत नाही. माळावरच्या गवतात, जमिनीवर, अनेकजण मिळून झोपतात. म्हणून पडीक माळ उगाच पेटवू नये.

विषारी औषधाने काय होते, याचा एक दाखला पाहा. उत्तर अमेरिकेतला एक शिकारी पक्षी हिवाळा काढायला अर्जेंटिनात जातो आणि तिथे नाकतोड्यांवर जगतो. 1995-96 च्या हंगामात तेथील शेतकऱ्यांनी घास आणि सूर्यफुलावरच्या नाकतोड्यांसाठी मोनोक्रोटोफॉस फवारले. नाकतोडे मेले, आणि ते खाऊन हजारो पक्षीही मेले. म्हणजे कीड खाणारा फुकटचा गडी गेला! हेच औषध भाजीपाल्यावर वापरायला आपल्या देशात 2005 पासून मनाई आहे.

कांड्या करकोचा

राखाडी अंग, काळी मान, डोळ्यामागे पांढऱ्या पिसांचा झुपका. मंगोलिया-कझाकस्तानकडून येणारे हे करकोचे रात्री उजनी, जायकवाडीसारख्या जलाशयांच्या उथळ पाण्यात थांबतात आणि सकाळी शेतात उतरतात. सांडलेलं धान्य वेचतात. हरभऱ्याचे कोवळे कोंबही खातात. पेरताना बी उघडं राहू देऊ नका. थवा उतरलाच तर आवाज करून उठवा, तेवढे पुरे. विषारी दाणे मात्र कधीही टाकू नका. ते करकोचा खाईल, तशी आपली कोंबडी आणि शेळीही खाईल.

विरळा पाहुणा : अमूर ससाणा

कबुतराएवढा, लाल-नारिंगी पायांचा हा ससाणा नोव्हेंबरात महाराष्ट्रावरून जाताना थोडे दिवस दिसला तर दिसतो. रशियाच्या पूर्व टोकाकडून आणि उत्तर चीनमधून निघून, नागालँडवरून, अरबी समुद्र ओलांडून तो दक्षिण आफ्रिकेकडे जातो. वाटेत उडती वाळवी खातो. नागालँडमध्ये 2012 साली हे ससाणे फार मोठ्या संख्येने जाळ्यात धरले गेले. मग तिथल्या गावकऱ्यांनीच जाळी न लावण्याचे ठरवले आणि 2013 पासून शिकार थांबवली. गावाने मनावर घेतलं तर एका हंगामात फरक पडतो, तो असा.

हे लक्षात ठेवा

1. हरभऱ्यात एकरी सुमारे 20 पक्षीथांबे लावा. इंग्रजी ‘टी’ अक्षरासारख्या काठ्या, पिकापेक्षा उंच. कोतवाल, साळुंकी, चाष त्यावर बसून घाटेअळी टिपतात. फवारणी आधी नको. मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या तरच करा.

2. औषध चोळलेलं बी बांधावर सांडलं तर मातीआड करा. फवारणीचा पंप ओढ्यात किंवा तळ्यात धुऊ नका.

3. मेलेलं पाखरू उघड्या हाताने उचलू नका. तळ्याकाठी किंवा शिवारात एकदम बरीच पाखरं मेलेली आढळली तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. बर्ड फ्लूचा धोका आपल्या कोंबड्यांनाही असतो.

4. पक्ष्याच्या पायात कडी आढळल्यास तिच्यावरचा क्रमांक, गाव व तारीख लिहून वनखात्याला किंवा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. पक्षी कुठून कुठे जातात, हे अशा कड्यांवरूनच उमगत गेलं.

5. या पक्ष्यांना मारणे वा पकडणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

बंधूंनो, हुरड्याचे तीन आठवडे डोळ्यात तेल घालून राखण करा. तो आपला हक्कच आहे. उरलेले महिने मात्र या पाखरांना शिवारात फिरू द्या. त्यांनी वेचलेल्या नाकतोड्यांची मजुरी कोणी मागायला येत नाही.