आंतरराष्ट्रीय उड्डाणे करणाऱ्या व्यावसायिक वैमानिकांची पात्रता व परवाना पद्धती : एक अभ्यास

प्रस्तावना

मुंबईहून लंडनला जाणारे प्रवासी विमान आपल्या मार्गात अनेक देशांच्या आकाशातून जाते. यांपैकी बहुतेक देशांनी त्या विमानाच्या वैमानिकाची परीक्षा घेतलेली नसते, त्याची दृष्टी वा हृदय तपासलेले नसते, त्याचे कौशल्यही पाहिलेले नसते. तरीही ते देश त्याला आपल्या आकाशात प्रवेश देतात आणि आपल्या गजबजलेल्या शहरांवरून उडू देतात. हा विश्वास एका लहानशा दस्तऐवजावर, म्हणजेच वैमानिकाच्या परवान्यावर आधारलेला असतो.

परदेशी उड्डाणे करणाऱ्या वैमानिकाजवळ काही वेगळा ‘आंतरराष्ट्रीय परवाना’ असतो, असा सर्वसामान्य समज आढळतो. वस्तुतः असा कोणताही परवाना अस्तित्वात नाही. प्रत्येक परवाना कोणत्या तरी एका राष्ट्राने दिलेला असतो व इतर राष्ट्रे तो मान्य करतात. या परस्पर मान्यतेचा कायदेशीर आधार कोणता, त्यासाठी कोणत्या किमान अटी ठरविण्यात आल्या आहेत आणि ही व्यवस्था कोठे दुर्बल ठरते, यांचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

परवान्याचा कायदेशीर आधार

विमानविद्येच्या प्रारंभीच्या काळात वैमानिकांना प्रमाणपत्रे देण्याचे कार्य मुख्यतः हवाई क्लब करीत असत. मुंबई फ्लाइंग क्लबमध्ये प्रशिक्षण घेतलेल्या जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तोही एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा या संस्थेकडून. पुढे हवाई वाहतूक राष्ट्रांच्या सीमा ओलांडू लागली, तेव्हा वैमानिकाची पात्रता हा दोन सरकारांमधील प्रश्न बनला.

७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराने या प्रश्नाला निश्चित उत्तर दिले. कराराच्या कलम ३२ नुसार आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या वैमानिकाजवळ, ज्या देशात विमानाची नोंदणी झाली आहे त्या देशाने दिलेला किंवा वैध ठरविलेला परवाना असणे बंधनकारक आहे. म्हणजेच वैमानिकाचे नागरिकत्व कोणते, यापेक्षा विमानाची नोंदणी कोठे झाली आहे, ही बाब येथे निर्णायक ठरते. कलम ३३ नुसार असा परवाना इतर सदस्य राष्ट्रांनी मान्य करावयाचा असतो. मात्र ज्या अटींवर तो दिला गेला, त्या आंतरराष्ट्रीय किमान मानकांइतक्या किंवा त्यांहून अधिक कडक असल्या पाहिजेत.

ही मानके ठरविण्याचे कार्य माँट्रियल येथे मुख्यालय असलेली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजेच ‘आयकाओ’ करते. आज १९३ राष्ट्रे तिची सदस्य आहेत. वैमानिक व इतर विमान कर्मचाऱ्यांच्या परवान्यांसंबंधीचे नियम कराराच्या ‘परिशिष्ट १’ मध्ये दिलेले असून ते प्रथम १९४८ मध्ये स्वीकारण्यात आले. एखाद्या राष्ट्राचा नियम या मानकांपेक्षा भिन्न असेल तर कलम ३८ अन्वये त्याने तो फरक संघटनेला कळविणे आवश्यक असते. एखादा वैमानिक सर्व अटी पूर्ण करीत नसेल तर कलम ३९ नुसार त्याच्या परवान्यावर तशी नोंद करावी लागते. अशी नोंद असलेला वैमानिक दुसऱ्या राष्ट्राच्या परवानगीशिवाय त्याच्या हद्दीत उड्डाण करू शकत नाही.

परवान्याचे प्रकार व किमान पात्रता

मोबदला घेऊन विमान चालविण्यासाठी व्यावसायिक वैमानिक परवाना, म्हणजे ‘सीपीएल’ आवश्यक असतो. आयकाओच्या मानकांनुसार त्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात व उड्डाणाचा किमान २०० तासांचा अनुभव लागतो. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून प्रशिक्षण घेतल्यास ही मर्यादा १५० तासांची आहे. भारतात मात्र २०० तासांची अट आहे. अनुभवाचे केवळ एकूण तास मोजले जात नाहीत. वैमानिकाने स्वतः विमानप्रमुख म्हणून केलेले उड्डाण, रात्रीचे उड्डाण, उपकरणांच्या साहाय्याने केलेले उड्डाण यांचे स्वतंत्र तास ठरलेले आहेत. किमान ५४० किलोमीटर अंतराचे व दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून केलेले एक दीर्घ उड्डाणही त्यांत समाविष्ट असते. याशिवाय हवाई कायदा, हवामानशास्त्र, दिक्चालन, विमानाची रचना, उड्डाणाची तत्त्वे, मानवी क्षमता व मर्यादा आणि रेडिओ संभाषण या विषयांचे ज्ञान तपासले जाते. महाराष्ट्रातील गोंदिया, बारामती यांसारख्या ठिकाणच्या प्रशिक्षण संस्थांमधून विद्यार्थी याच टप्प्याची तयारी करतात.

मोठ्या प्रवासी विमानाचा कप्तान होण्यासाठी विमान वाहतूक वैमानिक परवाना, म्हणजे ‘एटीपीएल’ लागतो. त्यासाठी किमान वय २१ वर्षे व किमान अनुभव १५०० तासांचा आहे. सहवैमानिक म्हणून मात्र अनेक देशांत सीपीएलधारकास काम करता येते. त्यासाठी त्याच्याजवळ उपकरण उड्डाणाची व त्या विमानाची पात्रता असावी लागते. २००६ मध्ये ‘एमपीएल’ हा तिसरा प्रकार आला. त्यात प्रत्यक्ष उड्डाण व सिम्युलेटर मिळून किमान २४० तासांचे प्रशिक्षण असून, उमेदवाराला सुरुवातीपासूनच दोन वैमानिकांच्या विमानात सहवैमानिक म्हणून काम करण्यासाठी घडविले जाते.

तासांची संख्या हीच गुणवत्तेची कसोटी मानावी काय, हा वादाचा विषय आहे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान कोसळून ५० जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर २०१० मध्ये झालेल्या कायद्याने आणि २०१३ च्या नियमांनी तेथे सहवैमानिकालाही एटीपीएल दर्जाचा परवाना आवश्यक करण्यात आला. परंतु त्या विमानाच्या दोन्ही वैमानिकांचा अनुभव १५०० तासांहून अधिक होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. युरोपात अल्प तासांचा परंतु अधिक आखीव प्रशिक्षण घेतलेला सहवैमानिक स्वीकारला जातो. एकाच किमान मानकावर दोन भिन्न पद्धती उभ्या राहू शकतात, हे यावरून स्पष्ट होते.

वैद्यकीय पात्रता

व्यावसायिक वैमानिकास ‘प्रथम वर्ग’ वैद्यकीय प्रमाणपत्र घ्यावे लागते. दृष्टी, रंगज्ञान, श्रवणशक्ती, हृदय, मज्जासंस्था आणि मानसिक स्वास्थ्य यांची त्यात तपासणी होते. सर्वसाधारणपणे हे प्रमाणपत्र १२ महिने वैध असते व वयाच्या ६० वर्षांनंतर दर सहा महिन्यांनी तपासणी करावी लागते. परवाना हाती असला तरी वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत संपताच वैमानिकाचा उड्डाणाचा अधिकार स्थगित होतो.

पूर्वी आंतरराष्ट्रीय व्यावसायिक उड्डाणांवरील कप्तानासाठी वयाची मर्यादा ६० वर्षे होती. नोव्हेंबर २००६ पासून दोन वैमानिकांच्या विमानांसाठी ती ६५ करण्यात आली. त्या वेळी दुसरा वैमानिक ६० वर्षांखालील असावा अशी अट होती; ती नोव्हेंबर २०१४ मध्ये काढण्यात आली.

शारीरिक व्याधी यंत्राने शोधता येते, मानसिक व्याधी मात्र पुष्कळदा वैमानिकाच्या सांगण्यावरच अवलंबून असते. २४ मार्च २०१५ रोजी फ्रान्समधील आल्प्स पर्वतात जर्मनविंग्जचे विमान सहवैमानिकाने हेतुपुरस्सर पाडले व १५० जणांचा बळी गेला. त्याने आपले आजारपण कंपनीपासून लपविले होते. या घटनेनंतर युरोपीय संघाने वैमानिक सेवेत रुजू होण्यापूर्वी मानसशास्त्रीय मूल्यमापन आवश्यक केले. तथापि आजार सांगितल्यास उपजीविका जाईल ही भीती जोवर आहे, तोवर केवळ तपासणीने हा प्रश्न सुटणारा नाही.

भाषिक पात्रता

आंतरराष्ट्रीय उड्डाणांत वैमानिक व हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यातील संभाषण हा सुरक्षिततेचा कणा आहे. त्यातील त्रुटींची किंमत फार मोठी ठरली आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ येथे धावपट्टीवर दोन विमानांची टक्कर होऊन ५८३ जण मरण पावले. तेथे उड्डाणाच्या अनुमतीविषयी झालेला गैरसमज हे एक प्रमुख कारण होते. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ आव्हियांका कंपनीचे विमान इंधन संपून कोसळले. इंधन संपत आल्याचे वैमानिकांनी सांगितले होते, परंतु आणीबाणी जाहीर करण्यासाठी ठरलेला शब्द त्यांनी उच्चारला नव्हता. भारतात १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे सौदी व कझाक विमानांची आकाशात टक्कर झाली व ३४९ जणांचा मृत्यू झाला. कझाक विमान त्याला नेमून दिलेल्या उंचीच्या खाली आले होते. त्याच्या चालकदलाचे इंग्रजीचे अपुरे ज्ञान हाही चौकशीतील एक महत्त्वाचा मुद्दा होता.

अशा घटनांच्या पार्श्वभूमीवर आयकाओने २००३ मध्ये भाषिक पात्रतेची मानके स्वीकारली व ती मार्च २००८ पासून लागू झाली. ज्या राष्ट्रांना ही मुदत पाळता आली नाही त्यांना मार्च २०११ पर्यंत सवलत देण्यात आली. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन व संवाद या सहा अंगांनी उमेदवाराचे मूल्यमापन होते. एकूण सहा स्तरांपैकी किमान चौथा स्तर आवश्यक असतो. येथे सहा अंगांची सरासरी काढली जात नाही. ज्या अंगात उमेदवार सर्वांत कमी पडतो, तोच त्याचा स्तर मानला जातो. चौथ्या स्तरासाठी दर तीन वर्षांनी व पाचव्या स्तरासाठी दर सहा वर्षांनी फेरतपासणीची शिफारस असून सहाव्या स्तरास ती लागत नाही.

टाइप रेटिंग व पात्रतेचे सातत्य

परवाना मिळाला म्हणजे कोणतेही विमान चालविता येते असे नाही. प्रत्येक मोठ्या विमानाच्या प्रकारासाठी ‘टाइप रेटिंग’ ही स्वतंत्र पात्रता मिळवावी लागते. एअरबस ए ३२० चालविणाऱ्या वैमानिकाला बोइंग ७७७ चालविण्यापूर्वी वर्गातील अभ्यास, सिम्युलेटरवरील सराव आणि चाचणी या टप्प्यांतून पुन्हा जावे लागते.

ही पात्रता टिकवावीही लागते. वैमानिकाची कौशल्य चाचणी वर्षातून दोनदा घेतली जाते. इंजिन बंद पडणे, आग लागणे यांसारखे प्रसंग सिम्युलेटरवर निर्माण करून त्याची प्रतिक्रिया पाहिली जाते. मागील ९० दिवसांत किमान तीन उड्डाणे व तीन अवतरणे केलेली नसतील तर कप्तानाला विमानाचा ताबा देता येत नाही. तसेच ज्या मार्गावर व विमानतळावर जावयाचे आहे त्याची भूरचना, हवामान व कार्यपद्धती यांचे ज्ञान त्याला आहे, याची खातरजमा विमान कंपनीने करावयाची असते.

एका देशाचा परवाना दुसऱ्या देशात

भारतीय परवानाधारक वैमानिक भारतात नोंदलेले विमान घेऊन जगात कोठेही जाऊ शकतो. परंतु परदेशात नोंदलेले विमान चालविण्यासाठी त्याला त्या देशाची मान्यता घ्यावी लागते. ही मान्यता दोन प्रकारे मिळते. पहिल्या प्रकारात मूळ परवाना काही मुदतीपुरता वैध ठरविला जातो. दुसऱ्या प्रकारात त्या देशाच्या परीक्षा व चाचण्या देऊन नवा परवाना मिळवावा लागतो. भारतात काम करणाऱ्या परदेशी वैमानिकांना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय तात्पुरती अनुमती देते.

भाड्याने घेतलेल्या विमानांमुळे हा विषय अधिक गुंतागुंतीचा झाला. विमानाची नोंदणी एका देशात आणि वापर दुसऱ्या देशात, अशी स्थिती सामान्य झाली. म्हणून १९९७ मध्ये अमलात आलेल्या ‘कलम ८३ बिस’ अन्वये नोंदणी करणारा देश वैमानिकांच्या परवान्यासह काही जबाबदाऱ्या, विमान प्रत्यक्ष चालविणाऱ्या कंपनीच्या देशाकडे सोपवू शकतो.

परवाना देणाऱ्या राष्ट्राची विश्वासार्हता

या संपूर्ण व्यवस्थेचे मर्म असे की, परवान्याचे मोल तो देणाऱ्या राष्ट्राच्या प्रामाणिकपणाइतकेच असते. जून २०२० मध्ये पाकिस्तानच्या तत्कालीन विमान वाहतूक मंत्र्यांनी देशातील ८६० वैमानिकांपैकी २६२ जणांनी परीक्षा स्वतः दिल्या नसल्याचे संसदेत सांगितले. पुढील पडताळणीत यांपैकी अनेकांचे परवाने वैध ठरले. परंतु विश्वास तोवर ढळला होता. युरोपीय संघाने १ जुलै २०२० पासून पाकिस्तानच्या राष्ट्रीय विमान कंपनीची उड्डाणे थांबविली आणि ती बंदी नोव्हेंबर २०२४ मध्येच उठली. काही वैमानिकांच्या दोषाची झळ अशा रीतीने प्रामाणिक वैमानिकांनाही बसली.

भारतही या बाबतीत पूर्णतः निष्कलंक राहिलेला नाही. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांच्या आधारे परवाने मिळविल्याची प्रकरणे उघडकीस आली व परवान्यांची फेरतपासणी करावी लागली. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने भारताच्या सुरक्षा देखरेखीचा दर्जा दुसऱ्या श्रेणीत उतरविला. त्यामुळे भारतीय कंपन्यांना अमेरिकेस नवी सेवा सुरू करता येत नव्हती. निरीक्षकांच्या नेमणुका व इतर सुधारणा झाल्यानंतर एप्रिल २०१५ मध्ये पूर्वीचा दर्जा परत मिळाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारताने वैमानिकांसाठी इलेक्ट्रॉनिक परवाना सुरू केला. त्यामुळे परवान्याची सत्यता तत्काळ पडताळता येईल. परंतु मूळ परीक्षाच सदोष असेल, तर तो दोष इलेक्ट्रॉनिक परवान्यातही तसाच उतरेल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, आंतरराष्ट्रीय वैमानिकाची पात्रता ही वय, अनुभव, आरोग्य, भाषा आणि विमानविशिष्ट कौशल्य या पाच अंगांनी ठरते व त्यांतील अनेक नियमांमागे एखादा दुःखद अपघात उभा आहे. ही पात्रता एकदा मिळवून संपत नाही, ती सेवाकाळभर सिद्ध करावी लागते. तथापि वैमानिकाची परीक्षा जितकी महत्त्वाची, तितकीच ती परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेची परीक्षाही महत्त्वाची आहे. वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, नोंदवहीतील प्रत्येक तास व गुणपत्रिकेतील प्रत्येक गुण खरा असणे ही केवळ त्याची वैयक्तिक नीतिमत्ता नसून, त्याच्या देशाच्या सहीला जगात मान मिळण्याची ती अट आहे.