इंग्रजीत आदराने विचारताना

आपलं खारेपाटण मुंबई-गोवा महामार्गावरचं. सुट्टीच्या दिवसांत मालवण, तारकर्लीला जाणारे परप्रांतातले पाहुणे वाटेत थांबतात. कुणाला जेवण हवं असतं, कुणाला कोकम-काजू, कुणाला न्याहारी-निवास. ज्यांना मराठी-हिंदी येत नाही, त्यांच्याशी इंग्रजीत बोलावं लागतं. महाराष्ट्रातल्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. त्याआधी शिकलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणींचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. म्हणून आज एकच छोटी गोष्ट समजून घेऊ.

मराठीत मान द्यायला 'तुम्ही' आहे. इंग्रजीत लहानथोर सगळ्यांना एकच 'यू'. मग आदर दाखवायचा कसा? एक सोपी रीत म्हणजे प्रश्न थेट न टाकता 'सांगाल का' असं म्हणून विचारायचं. पण तसं विचारताना शब्दांचा क्रम बदलतो.

थेट प्रश्न असा: "व्हेन विल यू कम?" यात 'विल' आधी, 'यू' नंतर.
आदराने विचारलं तर: "कॅन यू टेल मी व्हेन यू विल कम?" आता 'यू' आधी, 'विल' नंतर.

असं का? कारण 'व्हेन'पासूनचा भाग आता स्वतंत्र प्रश्न राहिला नाही. ती पाहुण्याने सांगायची गोष्ट झाली. म्हणून तिथे साध्या वाक्याचा क्रम येतो.

आपण इथे अडखळतो, कारण आपल्या भाषेत हा क्रम हलतच नाही. "तुम्ही कधी येणार?" याचं होतं, "तुम्ही कधी येणार ते सांगाल का?" मालवणीतही तसंच: "बस खंय थांबता?" आणि "बस खंय थांबता ता सांगा." आपण फक्त शेवटी जोड देतो. त्याच सवयीने इंग्रजी प्रश्नही आहे तसा जोडून टाकतो.

आणखी दोन खुणा लक्षात ठेवू.

पहिली: आतला 'डू', 'डज' गळून पडतो. "व्हॉट डू यू वॉन्ट?" हे जरा तुटक वाटतं. त्याऐवजी "प्लीज टेल मी व्हॉट यू वॉन्ट." 'डज' गेला, तर त्याचा 'स' क्रियापदाला लागतो. "व्हेन डज द बस लीव्ह?" याचं होतं, "डू यू नो व्हेन द बस लीव्हज?"

दुसरी: उत्तर हो किंवा नाही असेल, तर मध्ये 'इफ' घालायचा. "डू यू ईट फिश?" याचं होतं, "मे आय नो इफ यू ईट फिश?" मासे खाता की नाही, हे ताट वाढण्याआधी विचारलेलं बरं!

गटाच्या बैठकीत सराव करून पाहू. एकीने थेट प्रश्न विचारायचा, दुसरीने तो आदराचा करायचा. क्रम चुकला तरी समोरच्याला अर्थ कळतोच, म्हणून चुकीच्या भीतीने गप्प बसायचं नाही. दाराशी आलेल्याची विचारपूस करणं ही तर आपली रीतच आहे.