सांवेर : इंदूर-उज्जैनच्या मधला मुलूख

महाराष्ट्रातून माळव्यात येणाऱ्यांचा बेत ठरलेला असतो. ओंकारेश्वर, महेश्वरचा घाट, इंदूरचा राजवाडा, रात्री सराफा आणि पहाटे महाकालाची भस्मारती. इंदूर ते उज्जैन जेमतेम 55 किलोमीटर, त्यामुळे वाटेतले सांवेर मागे पडते. थांबलेच कोणी, तर उलट्या हनुमानासाठी. अहिरावणाने पळवलेल्या राम-लक्ष्मणांना सोडवायला मारुतीने इथूनच पाताळात सूर मारला अशी श्रद्धा आहे, म्हणून इथली शेंदरी मूर्ती डोके खाली असलेली. पण मराठी माणसाने सांवेरला थांबावे याचे माझ्या मते त्याहून मोठे कारण म्हणजे क्षिप्रा नदी.

होळकरांचे इंदूर आणि शिंद्यांचे उज्जैन यांच्यामधला हा काळ्या मातीचा सपाट पट्टा. दिवाळीपर्यंत सोयाबीन निघते आणि गहू, हरभरा, बटाटा, लसणाची लगबग सुरू होते. इथे डोंगरकडे नाहीत, धबधबे नाहीत. मोकळे आभाळ आणि दूरवर पसरलेली रानं हेच इथले देखणेपण.

क्षिप्रेने होळकरांचे दोन टोकाचे दिवस पाहिले. 1767 मध्ये अहिल्याबाई होळकरांचे पुत्र मालेराव वारले. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांच्या चिथावणीने पेशव्यांचे काका राघोबादादा होळकरांची दौलत घ्यायला फौजेसह क्षिप्रेवर आले. अहिल्याबाईंनी शिंदे, भोसले, गायकवाड यांना पत्रे धाडली, थोरल्या माधवराव पेशव्यांकडेही दाद मागितली आणि सरदार तुकोजीराव होळकरांना नदीकाठी उभे केले. पार झालात तर लढाई, असा निरोप गेला. तेव्हा दादांनी आपण समाचाराला आल्याचे सांगितले! लढाई टळली आणि पुढची अठ्ठावीस वर्षे माळव्याला अहिल्याबाईंचे राज्य लाभले.

त्याच नदीवर, उज्जैनच्या पुढे महिदपूरला, 21 डिसेंबर 1817 रोजी होळकरांची फौज इंग्रजांपुढे हरली. आदल्याच दिवशी होळकरांचा कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंना त्यांच्याच लोकांनी मारले होते. 6 जानेवारी 1818 च्या मंदसोरच्या तहाने होळकर इंग्रजांचे मांडलिक झाले. पराक्रमाचा किनारा आपण अभिमानाने सांगतो, फाटाफुटीचा मात्र कोणी दाखवत नाही. दोन्ही पाहायला हवेत. उज्जैनचे आजचे महाकाल मंदिर राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात उभारले, हेही दर्शनाच्या रांगेतल्या किती मराठी भाविकांना ठाऊक असते?

क्षिप्रेचे आजचे दुखणेही सांवेर तालुक्यातूनच वाहते. इंदूरची कान्ह नदी शहराचे सांडपाणी घेऊन सांवेरच्या शिवारातून जाते आणि उज्जैनजवळ त्रिवेणीला क्षिप्रेला मिळते. उन्हाळ्यात क्षिप्रेला स्वतःचे पाणी उरत नाही, म्हणून 2014 पासून नर्मदेचे पाणी उपसून तिच्या उगमाकडे सोडले जाते. उज्जैनच्या सिंहस्थाचे स्नान पुष्कळसे या उसन्या पाण्यावर चालते.

तिथला पुढचा सिंहस्थ 2028 मध्ये आहे. त्या गर्दीत जाण्याऐवजी त्याआधीच एखाद्या हिवाळ्यात निघा, सांवेरला उतरा, त्रिवेणीवर जाऊन दोन्ही नद्यांचे पाणी डोळ्यांनी पाहा आणि मगच महाकालाच्या रांगेत उभे राहा.