मुलीला विचारले का?

इंदापूरच्या पेठेत माझ्या धाकट्या बंधूंचे किराणा-भुसार मालाचे दुकान आहे. त्यांच्या नातीला सातव्या वर्षी टाइप-१ मधुमेह झाला. आता ती अकरा वर्षांची आहे. हा मधुमेह गोड खाण्याने होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते आणि त्यानंतर बाहेरून इन्सुलिन घेतल्यावाचून मूल जगू शकत नाही. दिवसाला चार इंजेक्शने, पाच-सहा वेळा बोट टोचून तपासणी आणि दर तीन महिन्यांनी पुण्याची खेप, असा चार वर्षांचा क्रम झाला आहे. मी बारामतीस राहतो. सेवानिवृत्तीमुळे वेळ हाताशी असल्याने या खेपेला बहुधा मीही बरोबर असतो.

मागील दिवाळीनंतरच्या खेपेस आम्ही सारे आनंदात होतो. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी जी तपासणी असते, एचबीए१सी, ती वर्षभरात ९.४ वरून ७.६ वर आली होती. पुतण्याने तो कागद दुकानातल्या वहीसारखा दोनदा वाचला. डॉक्टरीणबाईंनीही कौतुक केले. मग त्यांनी छापील प्रश्नांचे दोन संच काढले, एक मुलीला दिला, एक आमच्या सूनबाईंना, आणि दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवले. प्रश्न तेच होते. मुलीच्या कागदावर ‘मला’ होते, आईच्या कागदावर ‘तुमच्या मुलीला’.

अर्ध्या तासाने दोन्ही कागद शेजारी ठेवले गेले. चालणे, पळणे, अंग दुखणे, थकवा यांविषयी मायलेकींची उत्तरे जवळपास सारखी होती. पण सवंगड्यांविषयीच्या पाच प्रश्नांत आईच्या उत्तरांचे गुण शंभरपैकी ८५ आले आणि मुलीच्या उत्तरांचे ३०.

पस्तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे असा फरक दिसला की बेरीज तपासल्याशिवाय माझ्याने राहवत नाही. बेरीज बरोबर होती. ‘गेल्या महिन्याभरात ही अडचण किती वेळा आली?’ असा प्रत्येक प्रश्नाचा रोख असतो. ‘कधीच नाही’ला १००, ‘क्वचितच’ला ७५, ‘कधी कधी’ला ५०, ‘बऱ्याचदा’ला २५ आणि ‘जवळजवळ नेहमी’ला शून्य गुण, आणि मग त्यांची सरासरी. मुलीची उत्तरे होती ५०, २५, ५०, ० आणि २५. शून्य जिथे पडले तो प्रश्न, बरोबरीची मुले करू शकतात त्या गोष्टी आपल्याला करता येत नाहीत का, अशा अर्थाचा होता.

या प्रश्नावलीचे नाव पेड्सक्यूएल. जेम्स वार्नी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ती तयार केली आणि १९९९ साली ती प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्या सर्वसाधारण आवृत्तीत २३ प्रश्न आहेत: शरीराविषयी आठ आणि मन, सवंगडी व शाळा यांविषयी प्रत्येकी पाच. दम्याचे मूल असो, हृदयविकाराचे असो वा कर्करोगाचे, प्रश्न तेच; त्यामुळे निरोगी मुलांशीही तुलना करता येते. मधुमेहासारख्या आजारांसाठी स्वतंत्र पुरवण्याही आहेत. पाच ते सात वर्षांच्या मुलांना प्रश्न वाचून दाखवतात आणि हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांच्या चित्रांवर बोट ठेवायला सांगतात. चार वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मात्र फक्त आईवडिलांना विचारले जाते.

असे प्रश्न आपल्याकडे आणताना नुसते भाषांतर पुरत नाही. मूळ इंग्रजीत एका ‘ब्लॉक’हून अधिक अंतर चालणे जड जाते का, असे विचारले आहे. इंदापूरच्या मुलाला ब्लॉक म्हणजे काय ठाऊक? त्याला घरापासून बस स्थानकापर्यंतचे अंतर कळेल. म्हणून अनुवाद झाल्यावर तो पुन्हा मूळ भाषेत उलटवून पाहतात आणि प्रत्यक्ष मुलांना वाचायला देऊन, तुला यातून काय समजले, असे विचारतात.

बँकेच्या कर्ज विभागात मालाची विवरणपत्रे दरमहा येत. कागद कितीही नेटका असला तरी मधूनमधून गोदामात जाऊन पोती पाहावी लागत, कारण कागद माल मोजतो, त्याला लागलेली ओल मोजत नाही. एचबीए१सीचे मोल मला कमी करायचे नाही. अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांवर १९८३ ते १९९३ या काळात झालेल्या प्रसिद्ध अभ्यासाने दाखवले की साखर काटेकोर ठेवल्यास डोळे, मूत्रपिंड व मज्जातंतू यांचे पुढील नुकसान बरेच टळते. त्या उपचारात साखर एकाएकी घसरण्याचे गंभीर प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. तरीही त्याच अभ्यासात रुग्णांना जीवनमानाविषयी विचारले तेव्हा काटेकोर उपचारामुळे ते खालावल्याचे आढळले नाही. म्हणजे ७.६ आणि चांगले बालपण यांचे मुळात वैर नाही. मग आमच्या घरी ते कोठून आले?

परतताना भिगवणला चहासाठी थांबलो. सूनबाई गाडीतच बसून राहिल्या. मी मुलीला सहज विचारल्यासारखे विचारले, तेव्हा कळले की मधल्या सुटीतले इंजेक्शन ती शाळेच्या स्वच्छतागृहात घेते, एकटी, आतून कडी लावून. मैत्रिणी विचारतात तेव्हा पोट दुखते म्हणून सांगते. दोघींनी तिच्याशेजारी बसणे सोडले आहे. वाढदिवसाला बोलावणे येत नाही आणि आले तरी आपण पाठवत नाही. मी म्हणालो, “अगं, बाईंना सांगायचंस.” त्यावर ती म्हणाली, “मोठे आजोबा, तुम्हीच म्हणाला होतात, कुणाला सांगायचं नाही.”

खरे होते. आजाराचे निदान झाले त्या आठवड्यात घरातली सारी मोठी माणसे बसली होती आणि उद्या मुलीच्या सोयरिकीचा प्रश्न येईल, तेव्हा ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ नये, असे मीच सुचवले होते. शिकलेला म्हणून माझे ऐकले गेले. वर्गशिक्षिकांनादेखील सांगितले नव्हते. शाळेत साखर घसरून मुलगी बेशुद्ध पडली असती तर काय करायचे हे तेथे कोणालाच ठाऊक नव्हते. आपल्या व्यापारी घरांत अशी झाकपाक किती ठिकाणी चालते हे मी बोलून दाखवायला नको.

आईने ८५ गुण दिले म्हणून तिला दोष देण्यात अर्थ नाही. दीर्घ आजाराच्या मुलांबाबत बहुधा उलटेच आढळते: आईवडील मुलापेक्षा कमी गुण देतात, कारण त्यांची काळजी त्या उत्तरात उतरते. जे डोळ्यांना दिसते, चालणे-पळणे, त्याविषयी दोघांचे बऱ्यापैकी जुळते. मनातल्या गोष्टींविषयी जुळत नाही. आमच्या सूनबाईंना घरी हसणारी मुलगी दिसत होती. शाळेतली कडी त्यांना दिसणार कशी?

आणखी एक गोष्ट त्या दिवसानंतर उघड झाली. घरी सर्वांचा चौविहार असतो. एका रात्री मुलीची साखर ५० पर्यंत उतरली, तेव्हा आईने ग्लुकोज पाजले. ते पाप आपल्याला लागले असे ती दोन वर्षे धरून बसली होती. पर्युषणात थोरल्या भावाची अठ्ठाई झाली, मिरवणूक निघाली, तेव्हा ती गच्चीवर जाऊन बसली होती. आम्ही एका साध्वीजींकडे तिला घेऊन गेलो. पच्चक्खाणाच्या पाठातच अशा आजारपणासाठी आगार ठेवलेले आहे, हे त्यांनी तिला तिच्या भाषेत समजावले. चार वर्षांत हे आम्हा कोणालाच सुचले नाही, कारण तिच्या मनात काय आहे हे आम्ही विचारलेच नव्हते.

मग मी आणि पुतण्या शाळेत गेलो. बरोबर डॉक्टरांचे पत्र होते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली टाइप-१ मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेच्या वेळी खाण्याचे पदार्थ जवळ बाळगण्याची मुभा दिली, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२२ मध्ये या आजारासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, हे मी टिपून नेले होते. त्या कागदाची गरज पडली नाही. वर्गशिक्षिका इतकेच म्हणाल्या, “आधी का नाही सांगितलंत?” पुढच्या आठवड्यात मुलीने वर्गासमोर साखर मोजण्याचे यंत्र दाखवले. एका मुलाने आपलेही बोट टोचून पाहण्याचा हट्ट धरला म्हणे.

तालुक्यातील ज्या घरांत दमा, अपस्मार, थॅलेसेमिया किंवा असाच दीर्घ आजार असलेले मूल आहे, त्यांना मुद्दाम सांगतो. ही प्रश्नावली प्रत्येक दवाखान्यात मिळेलच असे नाही. बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील वा आपल्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे तिची चौकशी करावी. छापील कागद न मिळाला तरी दोन गोष्टी जमतात: मुलाला एकटे असताना विचारणे, आणि ‘बरा आहेस ना?’ असे न विचारता, गेल्या महिन्यात खेळायचे राहिले का, शाळा बुडाली का, कोणी चिडवले का, असे नेमके विचारणे. आलेल्या गुणांकडे मात्र परीक्षेच्या निकालासारखे पाहू नये. एकूण गुणांत साडेचार-पाचांचा फरक पडला तर तो दखल घेण्याजोगा मानतात. त्याहून लहान चढउतारांवरून घरात खल करू नये.

जानेवारीत शाळेची सहल भिगवणला रोहित पक्षी पाहायला गेली. पाठीवरच्या पिशवीत यंत्र, इन्सुलिन आणि ग्लुकोज घेऊन आमची मुलगीही गेली. दुपारी तिने शिक्षिकांच्या फोनवरून साखर कळवली, १४२. पुतण्या त्या दिवशी गल्ल्यावर बसून घड्याळ पाहत होता. मार्चमध्ये पुन्हा प्रश्नावली भरली, तेव्हा सवंगड्यांच्या भागात तिच्या उत्तरांचे ६५ गुण आले, आणि आईचे ७०. एचबीए१सी ७.८ आले. डॉक्टरीणबाईंनी रात्रीचे इन्सुलिन थोडे बदलले.

भावजयींना मात्र हे सारे अजून पटलेले नाही. परवा इंदापूरला गेलो होतो, तर त्यांनी मला स्वयंपाकघराच्या दारात थांबवून हळूच विचारले, “आता अख्ख्या गावाला कळलंय, पुढं हिचं कसं व्हायचं?” मला चटकन उत्तर सुचले नाही. मुलगी आत पाट्यावर बसून पेन हातात धरून किती युनिट घ्यायचे ते मोजत होती, शेजारची मैत्रीण तिला आकडे वाचून दाखवत होती.