जादूगाराची ताकद नेमकी कुठे असते?

मागच्या वेळी आपण फाशांच्या गणिताबद्दल बोललो होतो. आजचा प्रश्न तिथूनच पुढे जातो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ 1974 साली आला, मग त्याच्या एकामागून एक आवृत्त्या निघाल्या. या प्रवासात जादूगार बलवान होत गेला की दुबळा?

एकच मंत्र घेऊन बघू. फायरबॉल, म्हणजे आगीचा गोळा. 1978च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ नियमांत जादूगाराच्या दर लेव्हलमागे सहा बाजूंचा एक फासा टाकायचा, आणि त्याला वर मर्यादा नव्हती. 1989च्या दुसऱ्या आवृत्तीने दहा फाशांवर लगाम घातला. 2000 साली तिसरी आवृत्ती आली, तिनेही तो ठेवला. वर राक्षसांचे हिट पॉइंट वाढवले. म्हणजे गोळा तेवढाच, पण समोरचा जास्त टणक. यावरून आपल्याला वाटेल की तिसऱ्या आवृत्तीत जादूगार खचला असेल. झालं मात्र उलटंच! कारण ताकद मंत्रापेक्षा त्याच्या किमतीवर ठरते.

जुन्या नियमांत ही किंमत काय होती, बघा. पहिल्या लेव्हलला दिवसाला एक मंत्र. हिट पॉइंटसाठी चार बाजूंचा फासा, तर योद्ध्याला दहा बाजूंचा. अंगावर चिलखत नाही. मंत्र म्हणताना घाव बसला की तो मंत्र वाया. म्हटलेला मंत्र डोक्यातून पुसला जायचा. ही कल्पना जॅक व्हान्स या लेखकाच्या कथांमधून आलेली. तो परत पाठ करायला मंत्राच्या दर पायरीमागे पंधरा मिनिटं, म्हणजे एका फायरबॉलला पाऊण तास. दुसरी लेव्हल गाठायला योद्ध्याला 2,000 गुण पुरायचे, जादूगाराला 2,500 लागायचे.

तिसऱ्या आवृत्तीने यातले बरेच अडथळे काढले किंवा सैल केले. गुणांचा तक्ता सगळ्यांना एकच झाला. दिवसाचे सगळे मंत्र तासाभरात तयार होऊ लागले. घाव बसला तरी एकाग्रतेच्या जोरावर मंत्र वाचवता येऊ लागला. एकेक बदल पाहिला तर समजूतदार वाटतो. पण सगळ्यांची बेरीज?

सगळ्यात मोठा फरक पडला सेव्हिंग थ्रोमध्ये, म्हणजे मंत्रातून वाचण्यासाठी टाकायच्या वीस बाजूंच्या फाशात. जुन्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या योद्ध्याला 17 किंवा जास्त लागायचे, सतराव्या लेव्हलच्या योद्ध्याला फक्त 6. अनुभवी योद्धा जादूला पुरून उरायचा. तिसऱ्या आवृत्तीत हा आकडा जादूगाराकडे बघून ठरू लागला: 10, अधिक मंत्राची पायरी, अधिक बुद्धीचा बोनस. नववी पायरी आणि बोनस 5 धरला तर 24. मनावर ताबा मिळवणाऱ्या मंत्राविरुद्ध विसाव्या लेव्हलच्या योद्ध्याची मूळ बेरीज फक्त 6. इतर मदत नसेल तर फाशावर 18 पडायला हवेत! मग राक्षसाला जाळत बसायची गरज काय? एका मंत्रात त्याला निकामी करता येतं.

आता हे महत्त्वाचं का? टेबलाभोवती चार-पाच मित्र बसलेले असतात. जादूगार दार उघडतो, उडतो, लढाई संपवतो. आणि योद्धा घेतलेला मित्र आपली पाळी येईपर्यंत चहा पीत बसतो. त्याचा खेळ कुणी हिरावून घेतलेला नसतो, नियमांनीच तो आकसवलेला असतो.

2008च्या चौथ्या आवृत्तीने यावर कडक उपाय केला. सगळ्यांना एकाच साच्यातल्या शक्ती दिल्या: काही हव्या तेव्हा, काही लढाईत एकदा, काही दिवसात एकदा. समतोल आला, पण सगळे सारखेच वाटतात अशी तक्रारही आली. 2014च्या पाचव्या आवृत्तीने मधला रस्ता धरला. छोटे मंत्र हवे तितक्या वेळा. पण एकाग्रता लागणारा मंत्र एका वेळी एकच, आणि मार बसला की तो तुटू शकतो. घाव बसायची जुनी भीती अशी थोडी परत आली.

तेव्हा नवीन नियमपुस्तक हातात आलं की आपण आधी नुकसानीचे आकडे चाळतो, ते थोडं थांबवू. मंत्र किती वेळा, किती वेळात, कशाच्या बदल्यात मिळतो, आणि समोरच्याला वाचायची संधी किती, हे आधी बघू. पुढच्या वेळी याच नजरेने योद्ध्याकडे बघू.