गरिबालाही वकील मिळतो
मंडळी, बांधाचा तंटा असो की पोटगीचा दावा, कोर्टाचे समन्स हाती पडले की गरीब माणूस आधी कनवटीचे पैसे मोजतो. वकील परवडत नाही म्हणून तारखेला जातच नाही. मग निकाल एकतर्फी लागतो आणि हक्काची जमीन हातची जाते.

असे होऊ देऊ नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. तो १९९५ साली अमलात आला. त्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग व कोठडीतील माणसे यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतर बहुतेकांचे उत्पन्न मात्र सरकारने ठरवलेल्या मर्यादेत हवे. ही भीक नव्हे, हक्क आहे.

तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे जा. समन्स, सातबारा, जुने कागद बरोबर न्या. तारखेच्या आधी जा. लिहिता येत नसेल त्याला, गुरुजी, तुम्ही अर्ज लिहून द्या. नेमलेल्या वकिलाने पैसे मागितले, तर समितीला कळवा.

तडजोड होण्याजोगी असेल तर लोकअदालत बरी. तिथे वाद मिटला की भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण त्या निवाड्यावर अपील नाही. तेव्हा कागद वाचून घ्या, मगच सही करा.